कोशकार मेजर कँडी

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात, अडाण नदीच्या काठी, बोरी अरब नावाचे गाव आहे. सभोवार कापसाची व तुरीची शेते पसरलेली आहेत. अशा गावातील एखादा विद्यार्थी सायंकाळी इंग्रजीचे पुस्तक उघडून बसला आहे, असे क्षणभर डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दोन ओळी तो सहज वाचून जातो. तिसऱ्या ओळीत मात्र 'मॅग्नॅनिमस' हा लांबलचक शब्द वाटेत धोंडा यावा तसा आडवा येतो. घरी इंग्रजी जाणणारे कोणी नाही, गुरुजी उद्या भेटणार. मग तो शाळेतून आणलेला जाडजूड शब्दकोश जवळ ओढतो, अक्षरानुक्रमाने पाने उलटतो, आणि त्या अनोळखी शब्दापुढे 'थोर मनाचा, उदार अंतःकरणाचा' असा मराठी अर्थ वाचून त्याचा चेहरा खुलतो. धोंडा बाजूला होतो व वाट मोकळी होते.

हे काम आज आपणांस फार सोपे वाटते. परंतु सुमारे दोनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांस ही सोय जवळजवळ नव्हतीच. इंग्रजी शब्दापुढे त्याचा नेमका मराठी अर्थ मांडून ठेवण्याचे काम ज्यांनी आपल्या आयुष्याची पुष्कळ वर्षे वेचून केले, त्यांत मेजर टॉमस कँडी ह्यांचे नाव अग्रभागी आहे. नवल असे की, मराठीची ही सेवा करणारा हा पुरुष जन्माने मराठी नव्हता.

टॉमस कँडी ह्यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडात झाला. १८२२ साली, सतरा-अठरा वर्षांच्या कोवळ्या वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात नोकरी धरून हिंदुस्थानात आले. त्यांचे बंधू जॉर्ज हेही कंपनीच्या लष्करात होते. पेशवाईचा अंत होऊन त्या वेळी चारच वर्षे लोटली होती. देश नवा, माणसे अनोळखी आणि भाषा तर कानांस सर्वस्वी परकी. पुष्कळ गोरे अधिकारी हुकूम देण्यापुरते चार शब्द शिकून समाधान मानीत. तरुण कँडी ह्यांना तेवढ्याने समाधान वाटेना. ज्या लोकांत राहावयाचे त्यांची भाषा नीट आली पाहिजे, असे मनाशी ठरवून त्यांनी मराठीचा अभ्यास आरंभिला. आपल्यांस इंग्रजी शब्द जसे अवघड वाटतात, तसेच त्यांस मराठी शब्द अवघड वाटले असतील. आपली जीभ जेथे अडते तेथे आपण संकोचतो. 'ळ' आणि 'ण' ह्या वर्णांपाशी किती इंग्रजांची जीभ अडली असेल, ह्याची कल्पना करून पाहा!

त्या काळी कंपनीच्या सैन्यात जेम्स टॉमस मोल्सवर्थ नावाचे आणखी एक भाषाप्रेमी अधिकारी होते. ते कँडींहून नऊ वर्षांनी वडील. मराठी शब्द गोळा करण्याचा त्यांनी छंदच घेतला होता. त्यापूर्वी मराठीचे कोश अगदीच झाले नव्हते असे नाही. विल्यम कॅरी ह्यांनी १८१० मध्ये श्रीरामपुराहून एक कोश प्रसिद्ध केला होता व १८२४ मध्ये व्हॅन्स केनेडी ह्यांचा कोश निघाला होता. परंतु खेड्यापाड्यांत, शेतांत, बाजारांत बोलली जाणारी अफाट मराठी त्या लहान कोशांत मावली नव्हती. म्हणून मोल्सवर्थ ह्यांनी एका मोठ्या कोशाची योजना सरकारपुढे मांडली. सरकारने ती मान्य केली व १८२५ च्या सुमारास कामास आरंभ झाला. त्यांच्या मदतीस टॉमस व जॉर्ज हे दोघे कँडी बंधू आले. त्यांच्यासमवेत मराठी व संस्कृत जाणणारे अनेक शास्त्रीही ह्या कामी झटत होते.

शब्द गोळा करणे हे धान्य गोळा करण्यासारखे आहे. शेतातून आलेले धान्य आधी पाखडावे लागते, निवडावे लागते, मग कणगीत भरावे लागते. शब्दांचेही तसेच. हा शब्द खरोखर प्रचारात आहे काय? तो घाटावरचा की कोकणातला? मूळचा संस्कृत, की फारशी, की अरबी? त्याचा सरळ अर्थ कोणता आणि लक्षणेने होणारा अर्थ कोणता? एकेका शब्दावर शास्त्र्यांशी चर्चा होई, वाद होत, आणि मगच तो शब्द कोशात जाई. अशा परिश्रमातून १८३१ साली मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. कोणता शब्द कोठून आला, हेही त्यात खुणा करून दाखविले होते. त्याच सुमारास पंडितांनी केवळ मराठीत रचलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' हाही छापला गेला.

एवढे झाल्यावर अर्धेच काम झाले होते. मराठी-इंग्रजी कोश मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजास उपयोगी. पण इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी मुलाने काय करावे? त्याला आधी इंग्रजी शब्द दिसतो व त्याचा मराठी अर्थ हवा असतो. त्यासाठी उलट दिशेचा कोश पाहिजे. नदीवर एका काठाकडून बांधीत आणलेला पूल दुसऱ्या काठास टेकला नाही, तर त्याचा काय उपयोग? मोल्सवर्थ आणि कँडी ह्यांनी तेही काम हाती घेतले.

येथे कसोटीचा प्रसंग आला. मोल्सवर्थ ह्यांची प्रकृती ढासळली व त्यांना काम सोडून मायदेशी परतावे लागले. बंधू जॉर्ज ह्यांनीही पुढे लष्कराची नोकरी सोडून धर्मकार्याची वाट धरली. ज्यांच्या आधाराने काम आरंभिले ते दोघेही असे दूर झाले. मुख्य कारागीर निघून गेल्यावर अर्धवट भिंतीजवळ उभ्या राहिलेल्या गवंड्यासारखी कँडींची स्थिती झाली. काम तेथेच थांबविले असते, तरी कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु त्यांनी भिंत अर्धवट सोडली नाही. नोकरीची इतर कामे सांभाळून, वर्षांमागून वर्षे, ते शास्त्र्यांच्या साहाय्याने शब्दामागून शब्द लावीत राहिले. अखेर १८४७ साली त्यांचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. मराठी-इंग्रजी कोश छापून झाल्यास तोपर्यंत सोळा वर्षे होऊन गेली होती!

बालमित्रांनो, एका भाषेतील शब्दापुढे दुसऱ्या भाषेतील शब्द लिहून टाकला की झाले, असे तुम्हांस वाटेल. तसे असते तर सोळा वर्षे कशाला लागती? इंग्रजीतील 'लाइट' हा लहानसा शब्द घ्या. त्याचा एक अर्थ उजेड आणि दुसरा अर्थ हलका. 'फेअर' ह्या शब्दाने कधी जत्रा समजावी, कधी गोरा वर्ण, तर कधी न्यायाची वागणूक. वाक्य पाहिल्यावाचून कोणता अर्थ घ्यावा हे कळत नाही. उलटपक्षी आपल्या भाषेत काका, मामा, मावसा अशी निरनिराळी नाती आहेत. इंग्रजीत ह्या सर्वांस 'अंकल' हा एकच शब्द. मग 'अंकल' ह्या शब्दापुढे कोशकाराने काय लिहावे? एक लिहिले तर अर्थ अपुरा पडतो, म्हणून सर्वच नाती लिहावी लागतात. तसेच इंग्रजीत आकाशातून भुरभुर पडणाऱ्या हिमास 'स्नो' व पाणी गोठून झालेल्या घट्ट बर्फास 'आइस' असे दोन शब्द आहेत. जेथे हिम कधी पडतच नाही, त्या प्रदेशातील बोलीत दोहोंसाठी वेगळे शब्द कोठून असणार? देश, हवा, चालीरीती ह्यांच्याप्रमाणे भाषा घडत असते. म्हणून कोशकाराला शब्दांबरोबर दोन्ही देशांची राहणी जाणावी लागते.

कधी कधी मात्र ह्या दोन दूरच्या भाषांत आश्चर्यकारक सारखेपणाही आढळतो. बोरी अरबच्या आपल्या विद्यार्थ्यास अडविणारा 'मॅग्नॅनिमस' हा शब्दच पाहा. इंग्रजीने तो लॅटिन भाषेतून घेतला. लॅटिनमध्ये 'मॅग्नस' म्हणजे मोठा व 'अॅनिमस' म्हणजे मन. मोठे ज्याचे मन तो 'मॅग्नॅनिमस'. आता आपल्याकडील 'महामना' हा शब्द आठवा. महान ज्याचे मन तो महामना! दोन्हींची घडण अगदी एक. ह्याच कुळातला 'युनॅनिमस' हा शब्द आहे. 'युनस' म्हणजे एक. सर्वांचे मन एक झाले, म्हणजे एकमत झाले. 'इक्वस' म्हणजे सम. सुखदुःखात ज्याचे चित्त सम राहते, त्याच्या त्या गुणास 'इक्वॅनिमिटी' म्हणतात. आपण तिला समचित्तता म्हणतो. पाहिलेत ना? एका शब्दाची गाठ सोडविली, आणि तिच्याबरोबर आणखी दोन गाठी आपोआप सुटल्या. अवघड शब्द पाठ करण्याऐवजी असे उकलून पाहिले, तर ते स्मरणात पक्के राहतात. संस्कृत जाणणाऱ्या शास्त्र्यांच्या सहवासात काम करणाऱ्या कोशकाराला हा आनंद किती वेळा लाभला असेल!

कोशाचे काम चालू असतानाच, १८३७ साली, कँडी ह्यांच्याकडे पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख आली. ही पाठशाळा १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झाली होती. पुढे १८५१ साली ती व तेथील इंग्रजी शाळा एकत्र होऊन पुणे कॉलेज निर्माण झाले. त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. ह्या पाठशाळेत जुन्या पद्धतीने संस्कृत शिकून नंतर इंग्रजी विद्येकडे वळलेले विद्वान निघाले. प्रसिद्ध ग्रंथकार कृष्णशास्त्री चिपळूणकर हे त्यांपैकीच एक होत.

मेजर कँडींच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग आवर्जून सांगण्यासारखा आहे. पुण्यात जोतीराव फुले ह्यांनी १८४८ साली मुलींसाठी शाळा काढली. सावित्रीबाईंनी तीत शिकविण्यास आरंभ केला. त्यासाठी दोघांनाही लोकांची निंदा सोसावी लागली, घरही सोडावे लागले. परंतु १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मोठी सभा भरली आणि मेजर कँडी ह्यांच्या हस्ते शालजोडी देऊन जोतीरावांचा सरकारतर्फे गौरव करण्यात आला. शब्दांचे भांडार सर्वांस खुले करू पाहणाऱ्या कोशकाराच्या हातून, विद्येचे भांडार मुलींस खुले करणाऱ्या पुरुषाचा सत्कार व्हावा, हा मोठा सुंदर योग होय.

आपण आज मराठी लिहिताना पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ह्यांचा उपयोग करतो. जुन्या मराठी लिखाणात ही चिन्हे नव्हती. मोडी लिपीत तर ओळ सुरू झाली की ती अखंड वाहत जाई. वाक्य कोठे संपले हे वाचणाऱ्याने आपल्या अनुभवाने ओळखावे. मेजर कँडींनी इंग्रजीतील ही चिन्हे मराठीत रूढ करण्याचा प्रयत्न केला व १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे छोटे पुस्तक लिहिले. ह्या चिन्हांचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. 'बैल विकला.' असे लिहिले, तर ती बातमी झाली. 'बैल विकला?' असे लिहिले, तर कोणीतरी चौकशी करीत आहे. आणि 'बैल विकला!' असे लिहिले, तर ज्या बैलाने आयुष्यभर शेत नांगरले त्याच्यासाठी कोणाचा तरी जीव कळवळला आहे. शब्द तेच दोन, पण शेवटच्या एका खुणेने अर्थ पालटला.

पुढील आयुष्यात कँडी ह्यांनी सरकारचे मराठी भाषांतरकार म्हणून काम केले. शाळांसाठी मराठी क्रमिक पुस्तके तयार होऊ लागली, तेव्हा त्या कामावर त्यांची देखरेख होती. 'नवनीत' ह्या काव्यसंग्रहाचे संपादक परशुरामतात्या गोडबोले ह्यांच्यासारखे विद्वान त्यांच्या मदतीस होते. १८६० साली झालेल्या हिंदुस्थानच्या दंडसंहितेचे मराठी भाषांतरही कँडींनी केले. कायद्याच्या भाषांतरात शब्द किती तोलून वापरावे लागतात, ते पाहा. कोणाची वस्तू गुपचूप उचलून नेली तर ती चोरी. मारहाण करून किंवा धाक घालून नेली तर ती जबरी चोरी. आणि पाच किंवा अधिक माणसांनी मिळून अशी जबरी चोरी केली तर तो दरोडा. तिन्हींच्या शिक्षा निरनिराळ्या. भाषांतरकाराने एका शब्दाच्या जागी दुसरा घातला, तर एखाद्या मनुष्याची काही वर्षे तुरुंगात अधिक जावयाची! हा मूळ कायदा पुढे दीडशेहून अधिक वर्षे देशात चालला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली.

थोर माणसाचे गुण सांगताना त्याच्या उणिवा लपवू नयेत. मराठी पुस्तके तपासण्याचा व सुधारण्याचा अधिकार कँडींकडे होता. मराठी लेखकांनी लिहिलेले मराठी एका इंग्रजाने शुद्ध करावे, ही गोष्ट पुष्कळ स्वाभिमानी मनांस बोचली, आणि ते स्वाभाविकच होते. कँडींच्या वळणाच्या मराठीला इंग्रजी वाक्यरचनेचा वास येतो, असा आक्षेपही घेतला गेला. परकी भाषा कितीही परिश्रमाने शिकली, तरी आईच्या मांडीवर शिकलेल्या भाषेचा सहजपणा तिला येणे फार कठीण. हा आक्षेप आपणही ध्यानात ठेवावा. कारण इंग्रजी शिकता शिकता आपलेच मराठी इंग्रजी वळणावर जाऊ लागले, तर दोष कोणास द्यावयाचा?

दुसरी एक गोष्टही न्यायाने सांगितली पाहिजे. १८३१ च्या कोशाच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ ह्यांचे व दोघा कँडी बंधूंचे नाव आहे. परंतु ज्या शास्त्र्यांनी दिवसेंदिवस बसून शब्द सांगितले, अर्थ उलगडले, चुका दाखविल्या, त्यांची नावे तेथे नाहीत. आणि ते शब्द तरी शास्त्र्यांनी कोठून आणले? शेतकऱ्यांनी, सुतारांनी, कुंभारांनी, दळण दळणाऱ्या आयाबायांनी ते शेकडो वर्षे बोलून जिवंत ठेवले होते. देवळाचा कळस दुरून दिसतो, पाया दिसत नाही. म्हणून पाया नव्हता असे कोणी म्हणत नाही.

मोल्सवर्थ ह्यांनी पुन्हा हिंदुस्थानात येऊन आपल्या कोशाची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली पूर्ण केली; तीत सुमारे ६०,००० शब्द झाले. ते १८७१ साली निवर्तले. मेजर कँडी ह्यांच्या इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८७३ साली निघाली. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. पहिल्या आवृत्तीनंतर सव्वीस वर्षे लोटली होती. ह्या काळात इंग्रजी बदलली होती, मराठीही बदलली होती, आणि कोशाचे काम कधी संपत नाही हे त्या वृद्ध कोशकाराला ठाऊक होते. २६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे त्यांचा अंत झाला. ते ह्या देशात प्रथम आले त्यास तेव्हा पंचावन्न वर्षे होत आली होती.

कँडींचा कोश निघाला तेव्हा आपला वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. १८५३ साली तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला. नंतर येथेही इंग्रजी विद्या आली. त्यानंतर अनेक कोश झाले, कित्येक तर मराठी विद्वानांनी स्वतःच्या बळावर रचले. आज तुम्ही वापरता तो कोश कदाचित वेगळाच असेल. परंतु जाडजूड कोशाची पाने उलटताना मधूनच हे आठवावे की, त्यातील प्रत्येक ओळीवर कोणीतरी कधीतरी थांबले होते. एका बाजूस परक्या देशातून आलेला एक अधिकारी लेखणी हातात घेऊन बसला होता, दुसऱ्या बाजूस एक शास्त्री मान हलवीत होता; हा अर्थ बरोबर नाही, पुन्हा पाहू, असे ठरत होते, आणि काम पुढे चालले होते.

बोरी अरबच्या त्या विद्यार्थ्याने आता कोश मिटला आहे. 'मॅग्नॅनिमस' हा शब्द त्याने वहीत उतरून घेतला, पुढे 'महामना' असे लिहिले, आणि तो चौथ्या ओळीकडे वळला आहे. तेथेही एखादा अनोळखी शब्द असेल. असू दे, आता त्याला त्याचे भय उरलेले नाही.